आकड्यांची ओसरी : अठराव्या जागी सात कसा?

मागच्या अंकात या ओसरीवर मी एक पंचवीस अंकी संख्या मांडली होती. तिचा गुण असा. डावीकडून पहिले दोन अंक घ्या, त्यांना २ ने भाग जातो. पहिले तीन घ्या, ३ ने जातो. चार घ्या, ४ ने. असं करत करत पूर्ण पंचवीस अंकांना २५ ने भाग जातो, बाकी शून्य. दशमान पद्धतीत हा गुण असलेली याहून मोठी संख्या नाही. महिनाभरात पत्रांचा ढीग झाला, आणि त्यातलं पहिलंच पत्र उघडून मी खुर्चीत ताठ बसलो.

प्रश्न : काका, तुम्ही छापलेल्या संख्येत अठराव्या जागी ७ आहे. पण पहिल्या अठरा अंकांना १८ ने भाग जायचा असेल तर अठरावा अंक सम पाहिजे ना? माझं चुकतंय का?
— इयत्ता सातवीतली वाचक, प्रतापनगर

उत्तर : बेटा, तुझं अजिबात चुकत नाही. चूक माझी आहे. छापखान्याची नाही, टाइप करणाऱ्याची नाही, माझी. मी हाताने लिहून पाठवलेल्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, ती काढून पाहिली. सतरावा आणि अठरावा अंक मी उलटे लिहिले होते. ७८ च्या जागी ८७. बरोबर संख्या अशी आहे :

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

आता ही अंक मोजत वाच. दुसरा ६, चौथा ८, सहावा २, आठवा ८, दहावा ०, बारावा ६, चौदावा ४, सोळावा ०, अठरावा ८, विसावा ०, बाविसावा ६, चोविसावा २. सगळे सम. सम जागी विषम अंक बसूच शकत नाही, आणि तू नेमकं तेच पकडलंस. एकही भागाकार न करता. ही संख्या पाहताना सगळ्यात आधी इथेच नजर जायला हवी होती, आणि कागद पाठवण्याआधी माझी गेली नाही.

याच पद्धतीने आणखी काही जागा आधीच ठरलेल्या असतात. पाचवा, पंधरावा आणि पंचविसावा अंक ० किंवा ५ हवा. आपल्याकडे ५, ० आणि ५ आहेत. दहावा आणि विसावा अंक शून्यच हवा, दुसरा पर्याय नाही. म्हणजे रांगेतल्या पंचवीसपैकी कितीतरी अंकांचे हात भाग लावण्याआधीच बांधलेले आहेत.

या चुकीचं मला इतकं का लागलं, तेही सांगतो. मी रेल्वेत ट्रेन्स क्लार्क होतो. मालगाडी यार्डात लागली की कडेकडेने चालत जायचं आणि एकेका वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, नंबर वहीत उतरवायचा, हे माझं काम. नागपूरचा मे महिना, पायाखाली गिट्टी, डोक्याला दुपट्टा, आणि हाताला पेन चटका देतंय. अशा वेळी डोळे आकडे गाळत नाहीत, बदलतही नाहीत. ते शेजारशेजारचे दोन आकडे उलटे करतात. एकदा कोळशाच्या एका वाघिणीचे दोन अंक मी असेच उलटे घेतले, आणि ती वाघीण तीन दिवस कागदावर सापडली नाही. रुळावर होती, डोळ्यांसमोर होती, कागदावर नव्हती. तेव्हापासून मी दर वेळी नंबर लिहून झाला की उजवीकडून डावीकडे पुन्हा वाचायचो. या वेळी वाचला नाही.

आता भारतीय रेल्वेच्या वाघिणीवर अकरा अंकी नंबर असतो, आणि त्यातला शेवटचा अंक फक्त तपासणीसाठी असतो. हिशेब सोपा आहे. पहिल्या दहा अंकांतल्या सम जागांवरच्या अंकांची बेरीज करायची, तिची तिप्पट करायची, त्यात विषम जागांवरच्या अंकांची बेरीज मिळवायची. जे येईल ते पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जितके लागतील, तो अकरावा अंक. ७८ चे ८७ झाले की ही बेरीज २ ने बदलते आणि चूक लगेच उघडी पडते. पण सगळ्या अदलाबदली पकडल्या जात नाहीत. ७२ चे २७ झाले तर बेरीज बरोबर १० ने सरकते, आणि तपासणीचा अंक तोच राहतो. दोन अंकांत ५ चा फरक असला की चूक निसटते. आपल्या संख्येत शेवटी ७२ आहेच. ती अदलाबदल या संख्येत मात्र निसटली नसती, कारण चोविसाव्या जागी ७ आला असता आणि तू तोही पकडला असतास.

प्रश्न : काकाजी, माह्या पोरानं तुमचा आकडा कॅल्क्युलेटरवर टाकला तर तो बारा अंकांवरच थांबला. मंग तुम्ही १७ नं भाग जाते, २३ नं भाग जाते, हे कसं पाह्यलं? का कोन्या पुस्तकातून उचललं?
— भाजीचा ठोक व्यापारी, कॉटन मार्केट

उत्तर : भाऊ, विचारलंत ते बरं केलंत. कोणी सांगितलं म्हणून ही संख्या मानू नका. मी सांगितलं म्हणून तर मुळीच नका. मागच्या महिन्यात मी काय केलं ते वर वाचलंतच. कागद-पेन्सिल घ्या आणि फक्त बाकी पुढे न्या. भागाकार लिहायची गरज नाही, मोठा आकडा डोक्यात धरायचीही गरज नाही. एका वेळी दोन किंवा तीन अंकी आकडाच समोर असतो.

१७ घेऊन करून पाहू. पहिला अंक ३, तो १७ पेक्षा लहान, म्हणून बाकी ३. शेजारी पुढचा अंक ६ मांडा, झाले ३६. सतरा दुणे चौतीस, बाकी २. पुढचा अंक ०, झाले २०, बाकी ३. पुढे ८, झाले ३८, बाकी ४. पुढे ५, झाले ४५, बाकी ११. पुढे २, झाले ११२; सतरा सक एकशे दोन, बाकी १०. पुढे ८, झाले १०८, बाकी ६. पुढे ८, झाले ६८. सतरा चोक अडुसष्ट, बाकी शून्य. इथे थोडं थांबा. पहिल्या आठ अंकांना ८ ने भाग जायचाच होता, पण १७ नेही जातोय. हे कोणी मागितलं नव्हतं, जाता जाता मिळालं.

पुढे ५, बाकी ५. मग ०, झाले ५०, बाकी १६. मग ३, झाले १६३, बाकी १०. मग ६, १०६, बाकी ४. मग ८, ४८, बाकी १४. मग ४, १४४, बाकी ८. मग ०, ८०, बाकी १२. मग ०, १२०. सतरा साते एकशे एकोणीस, बाकी १. आणि सतरावा अंक ७. झाले १७. बाकी शून्य.

माझ्या चुकलेल्या संख्येत इथे ८ होता. १ च्या शेजारी ८ म्हणजे १८, बाकी १. पोराने मागच्या अंकात छापलेली संख्या घेऊन केलं असेल तर तो इथेच अडला असेल, आणि त्याला वाटलं असेल आपलंच चुकलं. त्याला सांगा, त्याचं बरोबर होतं.

२३ चं मी इथे लिहीत नाही, त्याला करू द्या. तेविसाव्या अंकाला त्याच्यासमोर २०७ येतील, आणि तेवीस नव्वे दोनशे सात. पाढा तीसपर्यंत पाठ असला तर एका कपाच्या चहात होतं.

रामदासपेठेतल्या एका सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या वाचकांनीही याच अंगाने लिहिलं आहे. त्यांनी संख्या एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे दहा अंक शून्य झाले. एक्सेल आकड्याचे पहिले पंधरा अंक धरून ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं. आपल्याला न सांगता संख्या बदलली जाते, आणि मग २३ ने भाग जात नाही म्हणून आपण संख्येलाच दोष देतो. पेन्सिल असं करत नाही.

आता मला या संख्येत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. ती मागच्या वेळी जागेअभावी राहिली होती. या संख्येचे डावीकडून सात-सात अंकांचे तुकडे पाडा :

३६०८५२८ । ८५०३६८४ । ००७८६०३ । ६७२५

पहिल्या तुकड्याला ७ ने भाग जातो हे तर आपल्याला माहीतच आहे, उत्तर ५१५५०४. पण दुसराही करून पाहा. ८५०३६८४ भागिले ७, उत्तर १२१४८१२, बाकी शून्य. तिसऱ्याची सुरुवातीची शून्यं सोडली तर ७८६०३, भागिले ७, उत्तर ११२२९. बाकी शून्य. शेवटचा तुकडा अपुरा आहे, त्याची बाब वेगळी.

यामागे जादू नाही. पहिल्या चौदा अंकांना १४ ने भाग जातो, म्हणजे ७ नेही जातो. त्यातून पहिल्या सात अंकांचा वाटा काढून घेतला, ज्याला ७ ने भाग जातोच, की उरलेल्या सात अंकांनाही ७ ने भाग जायलाच हवा. एकविसाला तसंच. आणि हे फक्त सातचं नाही. पाच-पाचचे तुकडे पाडा, प्रत्येकाला ५ ने. सहा-सहाचे पाडा, प्रत्येकाला ६ ने. आठचे, नऊचे, बाराचे, कसेही पाडा. पूर्ण तुकडा झाला की त्याला त्याच्या लांबीने भाग जातो. एकाच लांब मालगाडीला पाच-पाच डब्यांत तोडा नाहीतर बारा-बारा डब्यांत, प्रत्येक तुकड्याचं वजन बरोबर बसतं, असं काहीसं.

अकराच्या तुकड्यांपाशी मी दोन दिवस घुटमळलो. ११ ची कसोटी शाळेत झालेली असते : एक सोडून एक अंकांची बेरीज करायची, दोन्ही बेरजा सारख्या आल्या किंवा त्यांच्यात ११ च्या पटीचा फरक आला, की भाग जातो. पहिले अकरा अंक ३६०८५२८८५०३. विषम जागा : ३, ०, ५, ८, ५, ३, बेरीज २४. सम जागा : ६, ८, २, ८, ०, बेरीज २४. पुढचे अकरा अंक ६८४००७८६०३६. विषम जागा : ६, ४, ०, ८, ०, ६, बेरीज २४. सम जागा : ८, ०, ७, ६, ३, बेरीज २४. चारही वेळा चोवीस! फरक ११ चा आला असता तरी चाललं असतं, तेव्हा हे जुळणं निव्वळ योगायोग आहे. पण अंक वहीच्या चौकटीत लिहून, दोन रंगांच्या पेनांनी गोल करून, चार वेळा २४ लिहिताना जे वाटलं, ते मला वाचकांपासून लपवायचं नाही. ८७ वाल्या चुकीच्या संख्येत दुसऱ्या तुकड्यात २३ आणि २५ येतात. तोही एक पुरावा.

प्रश्न : पंचविसावरच का थांबते? कोणी नीट शोधलं नसेल, असं कशावरून म्हणायचं नाही? सव्विसावा अंक नक्की कुठे अडतो?
— निवृत्त अभियंता, धरमपेठ

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं. सव्विसावा अंक जोडायचा तर सव्वीस अंकी संख्येला २६ ने भाग जायला हवा. आपल्या संख्येला २६ ने भागलं तर बाकी उरते ९. शेजारी नवा अंक येण्यासाठी एक शून्य मांडा, म्हणजे ९० झाले. नव्वदातून सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर गेले, बाकी १२. आता १२ ला २६ पर्यंत न्यायचं तर १४ हवेत. एका जागेवर जास्तीत जास्त ९ बसतो. पाच कमी पडले आणि रूळ संपला.

ही झाली या एका संख्येची गोष्ट. दुसऱ्या कुठल्या वाटेने पुढे जाता येणार नाही, हे कशावरून? तर सगळ्या वाटा मोजता येतात म्हणून. यात कोणाच्या शोधण्याच्या हुशारीचा प्रश्न येत नाही. यार्डाच्या तोंडाशी एक रूळ येतो आणि सांध्यांवरून फाटे फुटत जातात, तसं हे आहे. पहिला अंक १ ते ९ पैकी कोणताही, म्हणजे ९ वाटा. दुसरा अंक सम हवा, प्रत्येकीला ५ फाटे, झाल्या ४५. तिसऱ्या जागी कधी तीन फाटे, कधी चार, एकूण १५०. चौथ्याला ३७५, पाचव्याला ७५०, सहाव्याला १२००, सातव्याला १७१३, आठव्याला २२२७, नवव्याला २४९२.

आता दहाव्याला किती? तेही २४९२. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दहावा अंक शून्यच हवा आणि शून्य प्रत्येकीला चालतं, म्हणून नऊ अंकी प्रत्येक संख्येची दहा अंकी संख्या एकच होते. ही जागा यार्डातल्या माथ्यासारखी आहे. इथपर्यंत चढ होता, इथून उतार. कारण पहिल्या नऊ पायऱ्यांत दहा अंकांतला एखादा तरी अंक नेहमी बसतो. अकरापासून तसं राहत नाही. ११ ने भाग जाण्यासाठी अकरा शक्यतांपैकी एक हवी, आणि आपल्याकडे अंक दहाच. कोणाला १० हवा असतो, तिची वाट तिथेच बंद.

अकराव्याला २२२५ उरतात. बाराव्याला २०४१, मग १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, अठराव्याला १८०, मग ९०, विसाव्याला ४४. पुढे १८, १२, ६. चोविसाव्याला ३. पंचविसाव्याला १. त्या तिघींपैकी दोघी का गळाल्या, तेही सांगण्यासारखं आहे. २५ ने भाग जायचा तर शेवटी ००, २५, ५० किंवा ७५ हवं. चोविसावा अंक सम असतो, म्हणजे तो ० किंवा २ च असायला हवा. त्या दोघी संपतात ६ ने. आपली संपते २ ने, तिला ५ मिळाला.

सगळ्या लांबींच्या अशा संख्या मिळून २०,४५६ होतात. वरचे आकडे बेरजेला घ्या, तुमच्याच हाताने येतील. संगणकाला ही सगळी यादी काढायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. माझ्या नातवाने काढून दिली तेव्हा मी आधी फक्त नवव्या आणि दहाव्या ओळीकडे पाहिलं.

प्रश्न : १ ते ९ हे सगळे अंक एकेकदाच वापरून अशी संख्या होते का? आमच्या वर्गात पैज लागली आहे.
— दहावीचा विद्यार्थी, मानेवाडा

उत्तर : होते, आणि एकच होते. पैज कुठल्या बाजूने लागली आहे ते तू लिहिलं नाहीस, पण हे घे. पाढे घोकून नाही, विचाराने ती कशी सापडते ते दाखवतो.

पाचवा अंक ५, कारण शून्य वापरायचं नाही. सम जागी सम अंक, म्हणजे २, ४, ६, ८ या चौघांनी चार सम जागा अडवल्या, आणि विषम जागी उरले १, ३, ७, ९. चौथ्या जागेसाठी तिसरा-चौथा अंक मिळून ४ ने भाग जायला हवा; तिसरा विषम असल्याने चौथा २ किंवा ६ च होतो. आठव्या जागेचंही असंच होतं, तिथेही २ किंवा ६. म्हणजे दुसऱ्या आणि सहाव्या जागी ४ आणि ८. पहिल्या तीन अंकांना ३ ने भाग जातो, पहिल्या सहा अंकांना ६ ने, म्हणून मधल्या तीन अंकांची बेरीजही ३ च्या पटीत हवी. तिथे २५८ किंवा ६५४ एवढंच उरतं. इथून विषम अंक मांडत गेलं की सारे मिळून दहाच उमेदवार शिल्लक राहतात, ९८७६५४३२१ धरून. आणि मग सातची पायरी येते. दहापैकी नऊ तिथे पडतात. उरते ती :

३८१६५४७२९

३८, ३८१, ३८१६, ३८१६५, ३८१६५४, ३८१६५४७ भागिले ७ म्हणजे ५४५२२१, पुढचं तू कर. शेवटी शून्य लावलंस तर दहा अंकी ३८१६५४७२९० सुद्धा पायरी पार करते.

आणि शून्य लावलंस की तिला आणखी एक मान मिळतो. तिच्या अंकांची बेरीज ४५, आणि तिला ४५ ने भाग जातो, उत्तर ८४८१२१६२. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं ते आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा, आणि नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर ओळखला जातो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तसंच करा, तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. आजची आपली पंचवीस अंकी मात्र हर्षद नाही. तिच्या अंकांची बेरीज ११०, आणि विषम संख्येला ११० ने भाग कसा जाणार? ६१७४ सुद्धा आपल्या परीक्षेत दुसऱ्याच पायरीला अडतो, कारण ६१ ला २ ने भाग जात नाही. प्रत्येक संख्येचं घराणं वेगळं.

प्रश्न : नातीने मला ही संख्या वाचून दाखवायला सांगितली. मी 'अब्ज' पर्यंत गेले आणि थांबले. मराठीत वाचता येते की नाही?
— ७६ वर्षांच्या आजी, महाल

उत्तर : येते आजी, थाटात येते. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अब्जाच्या पुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या हिशेबाने ही संख्या आहे ३ कोटी ६० लाख ८५ हजार २८८ परार्ध, ५ मध्य, ३ जलधी, ६ शंकू, ८ महापद्म, ४ निखर्व, ७ अर्बुद, ८ कोटी, ६ प्रयुत, ३ अयुत, ६ सहस्र, ७ शत, २५. अंत्य, खर्व, अब्ज आणि लक्ष यांच्या जागी शून्य आहे म्हणून ती नावं आली नाहीत. नातीला एकदा वाचून दाखवा आणि मग तिच्याकडून वाचून घ्या. मी घरी मोठ्याने वाचली तेव्हा 'जलधी' या शब्दाला सगळे थांबले.

प्रश्न : याचा उपयोग काय?
— नाव नाही, पत्ता नाही

उत्तर : या एका संख्येचा बाजारात काही उपयोग नाही. ती तपासताना जी बाकी पुढे न्यायची रीत हाताला लागते, तिचा आहे. मोठा आकडा लहान लहान करून तपासायचा, आणि शेवटचा अंक आधीच्या सगळ्यांना जबाबदार असायचा, यावर वाघिणींचे नंबर चालतात. आणि उपयोग नसता तरी ती मी छापली असती.

प्रश्न : आमचा पिनकोड असा आहे का? मी ४४००२२ करून पाहिला, जमला नाही.
— इयत्ता पाचवी, नागपूर

उत्तर : नागपूरचा कोणताच जमणार नाही रे. आपल्या शहराचे सगळे पिन ४४० ने सुरू होतात. ४ ला १ ने, ४४ ला २ ने भाग गेला, आणि ४४० ची बेरीज ४ अधिक ४ अधिक ०, म्हणजे ८. तीनने भाग जात नाही. पुढचे तीन अंक काहीही असोत, गाडी तिसऱ्याच स्टेशनावर थांबली. अकोल्याला तुझं कोणी असेल तर त्यांना ४४४००१ कळव. तो पाचव्या अंकापर्यंत अगदी बरोबर जातो : ४४४, ४४४०, ४४४००. सहावा अंक १ आहे तिथे ० किंवा ६ हवा होता.